पहिला फोन घरी नको

जळगावात बँकेचं काम अडलं तर मामांच्या वर्गातला कुणीतरी तिथे निघतो. तहसीलमध्ये शेजारच्या काकांचा जावई असतो, आणि दवाखान्यात रांग मोठी असली तर कंपाउंडर गावाकडचा. धुळ्याला, नंदुरबारला, चाळीसगावला, सगळीकडे हीच रीत. कामं होतात, माणसं एकमेकांना धरून असतात, आणि यात वाईट काही नाही. मात्र या रीतीत वाढलेला पोरगा किंवा पोरगी परदेशात शिकायला गेली की पहिली पंचाईत इथेच होते. तिथे ओळखीने काही हलत नाही. तिथे कागद चालतो, आधी घेतलेली वेळ चालते आणि लेखी पत्र चालतं.

पुढचा मजकूर मुख्यतः जर्मनी धरून लिहिला आहे, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्याने मध्यमवर्गीय घरांतली मुलं तिकडे वळतात. इंग्लंड-अमेरिकेचा फरक जिथे खरोखर पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी एक हिशेब समजून घ्या. जर्मनीपेक्षा भारत उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. जानेवारीत रात्री दहाला खोलीचं दार मागे ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, तर त्या वेळी भुसावळला रात्रीचे अडीच वाजलेले असतात. घरी फोन केला की आई उठते, बाबा उठतात, मग मामा, मग पुण्याचा आतेभाऊ. तासाभरात सात माणसं जागी होतात आणि दार बंदच राहतं. म्हणून नियम असा ठेवा: ज्याच्या हातात उपाय आहे त्याला पहिला फोन. घरी दुसरा, आणि तो करताना काय झालं आणि त्यावर काय केलं ही दोन्ही वाक्यं तोंडात तयार हवीत.

निघण्याआधीचे आठ आठवडे

सराव इथेच करायचा, आणि तोही कंटाळवाण्या कामांवर. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणं, नगरपालिकेतून जन्माचा दाखला इंग्रजीत मिळवणं, एपीएस प्रमाणपत्राचा अर्ज भरणं ही कामं बाबांकडे किंवा एजंटाकडे देऊ नका. एपीएस, म्हणजे आपले शैक्षणिक कागद खरे असल्याचं पडताळणी प्रमाणपत्र, हे नोव्हेंबर २०२२पासून जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना बंधनकारक आहे, फी १८,००० रुपये. प्रत्येक कामाची वहीत नोंद ठेवा: तारीख, कुठलं टेबल, काय मागितलं, पुन्हा कधी बोलावलं. परदेशातली ऐंशी टक्के डोकेदुखी याच चार रकान्यांत बसते. जो इथे तीन हेलपाटे घालून स्वतः दाखला आणतो, त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाच्या रांगेचं फारसं काही वाटत नाही.

नावाकडे आत्ताच बघा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर मात्र स्वतःचं आणि वडिलांचं नाव बहुतेक वेळा एकाच रकान्यात असतं आणि जर्मन यंत्रणा ते दोन्ही मिळून तुमचं पहिलं नाव धरते. विद्यापीठ, विमा, बँक, भाडेकरार, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसरीकडे लिहिलं, तर विम्याचा कागद विद्यापीठाच्या नोंदीशी जुळत नाही आणि प्रवेशनोंदणी अडकते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी दुरुस्त करून घ्या.

मोबाइलचं सिम हा सामानातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. भारतीय बँकेचा ओटीपी त्यावर येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करा, कारण तिकडे जाऊन सुरू करायला गेलं की त्यासाठीही ओटीपी लागतो. रिचार्जची मुदत संपू देऊ नका. सिम बंद पडलं तर कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते. आणि सर्वांत नेहमीची चूक: मुलाच्या खात्याला बाबांचा मोबाइल जोडलेला असतो. ओटीपी अमळनेरला जातो, बाबा शेतात असतात, दहा मिनिटांत मुदत संपते. खातं आणि आधार दोन्हींना स्वतःचा नंबर जोडा. उलट इथली जी कामं आईवडिलांनाच करावी लागणार, उदाहरणार्थ कर्जाच्या हप्त्यासाठी बँकेत सही, त्यासाठी निघण्याआधी कुलमुखत्यारपत्र करून ठेवा. नंतर ते परदेशातून करायचं म्हणजे वकिलातीची वेळ, शिक्के आणि कुरिअर.

कर्जाबद्दल जाता जाता एवढंच: शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, कारण थकबाकी वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. घर किंवा एनए प्लॉट चालतो. दहा एकर केळीची बाग आहे म्हणून कर्ज सहज मिळेल, या भरवशावर प्रवेशाची तारीख ठरवू नका.

स्वयंपाकाचे पाच पदार्थ पक्के हवेत: मुगाची खिचडी, पिठलं, एक रस्साभाजी, अंड्याचं काहीतरी किंवा पनीर, आणि पोळी-भाकरीपैकी एक. यूट्यूब पाहून केलेलं धरायचं नाही. सलग दोन आठवडे भांडी घासण्यासकट केलेलं धरायचं. एकट्याचं प्रमाण वेगळं असतं. खिचडीला ५० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ आणि साधारण ३०० मिलीलिटर पाणी पुरतं. आईच्या हाताने सहा जणांची खिचडी शिकलेला माणूस तिथे तीन दिवस तीच खात बसतो. सराव शक्यतो इंडक्शनवर किंवा विजेच्या शेगडीवर करा. गॅस बंद केला की आच थांबते, पण विजेची तापलेली तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. फोडणी इथेच करपते. मोहरी तडतडली की बटण बंद करून भागत नाही, भांडंच बाजूला उचलावं लागतं.

बॅगेत काय

युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. घरचं साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई, सगळं त्यात आलं. ताजी फळं-भाज्यांना प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं फक्त पाच, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. रावेर-यावलच्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल, पण २३ किलोच्या बॅगेत केळी कोण भरणार. कढीपत्ता ताजा नेऊ नका.

काळा मसाला, सुकी लाल मिरची, बिबडे, शेव, लोणचं हे चालतं. मसाला तीन पिशव्यांत, प्रत्येक पिशवी टेपने बंद करून. एक फुटली तर सगळे कपडे वर्षभर शेवभाजीसारखे वास मारतील. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर मसाल्यात खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरली जाते. घरी मसाला कुटतानाच ती वगळायला सांगा.

कुकर तीन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. चार्जरची दोन बारीक पिनांची प्लग जर्मनीत बसते, तीन गोल पिनांची बसत नाही; व्होल्टेज सारखंच. नेहमीची औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं काही आखाती विमानतळावरून नेऊ नका. प्रतिजैविकं जर्मनीत चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि मेडिकलवाल्याला ताप सांगून गोळ्या घेण्याची आपली सवय तिथे मोडावीच लागते.

पहिले चौदा दिवस

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला वेगळा फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. पत्ता नोंदला की पुढची सगळी साखळी सुटते: बँक खातं, टपालाने येणारा कर क्रमांक, राहण्याच्या परवान्याचा अर्ज. म्हणून खोली घेतानाच पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. या पत्त्यावर नोंदणी होईल का, हा विचारा. नाही म्हणाला तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी तात्पुरतीच समजा.

खोलीच्या नावाने होणारी फसवणूक ठरलेल्या साच्याची असते. मालक म्हणे परदेशात असतो, फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणून आधी डिपॉझिट मागतो. खोली कुणी पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. श्टुडिएरेंडेनवेर्क या विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी भरा, रांग मोठी असते. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याइतकं, म्हणजे गरम पाणी आणि इतर खर्च सोडून. इंग्लंडमध्ये ही मर्यादा साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याची आहे.

लेटरबॉक्सवर नाव लावा. हे वाक्य इतकं साधं आहे की कुणी सांगत नाही, आणि यातूनच सर्वाधिक घोळ होतात. आपल्याकडे पोस्टमन घर विचारून येतो. तिथे डब्यावर आडनाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, हे सगळं कागदी टपालाने येतं. सामायिक घरात राहत असाल तर पहिल्याच दिवशी स्वच्छ अक्षरात, पासपोर्टप्रमाणे आडनाव लिहून डब्यावर आणि बेलवर चिकटवा. डबा आठवड्यातून दोनदा तरी उघडा. पिवळ्या पाकिटावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असेल तर ते सरकारी पत्र आहे, आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून धावते. ते पाकीटही फेकू नका.

जर्मन कळत नाही म्हणून पत्र टेबलावर पडून राहतं, ही दुसरी पायरी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा आणि तीनच गोष्टी शोधा: तारीख, रक्कम, सही कुणाची. घर नोंदलं की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं, दर घराला महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून फेकून दिलं की रक्कम साचते आणि वर दंड बसतो. घरात तिघे राहत असतील तर एकानेच भरायचं असतं. बाकीच्यांनी त्याचा नंबर लिहून कळवायचं.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं आणि दर महिन्याला ठरलेलीच रक्कम सोडणारं खातं. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो असतात, म्हणजे महिन्याला ९९२. ते पोचल्याच्या दिवशी हातात येत नाहीत. आधी जर्मन खातं, मग ते जोडणं, मग पहिला हप्ता. यात काही आठवडे सहज जातात. तोवरचं भाडं, डिपॉझिट आणि पोटापाण्याची सोय फॉरेक्स कार्डवर वेगळी ठेवा. ९९२ मधून सरकारी आरोग्य विम्याला दीडशेच्या आसपास जातात. काही जण स्वस्त खासगी विमा घेऊन सुरुवातीलाच सरकारी विम्यातून सूट घेतात. ती सूट पुढे त्या शिक्षणात मागे घेता येत नाही, आणि पहिलं मोठं आजारपण आलं की स्वस्ताई उतरते.

व्हिसाची मुदत संपण्याआधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. वेळ मिळत नाही, ही सर्वांची तक्रार. मग मुदतीआधी ईमेलने अर्ज पाठवा, वेळ उपलब्ध नसल्याच्या पानाचे स्क्रीनशॉट जोडा आणि फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणजे अर्ज प्रलंबित असल्याचा दाखला मागा. दिवाळीचं तिकीट हा दाखला किंवा परवाना हाती येण्याआधी काढू नका.

ईमेल कसा लिहायचा

ओळखीच्या जागी तिथे हे हत्यार आहे, म्हणून जरा थांबून शिका. विषयात विद्यार्थी क्रमांक आणि काम. पहिल्या ओळीत तुम्ही कोण, कुठला अभ्यासक्रम, कितवं सत्र. दुसऱ्या ओळीत काय झालं, तारखेसह. तिसऱ्या ओळीत नेमकं काय हवं. चौथ्या ओळीत कधीपर्यंत हवं आणि का. खाली जोडलेल्या कागदांची यादी. 'कृपया मला मदत करा, मी फार अडचणीत आहे' असं लिहिलेल्या पत्राला उत्तर देणाऱ्याला काय करायचं तेच कळत नाही. आजारी आजीची हकीकत, घरची परिस्थिती, आधी केलेल्या चार फोनांची कथा, सगळी गाळा. पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच ईमेल पुढे पाठवून दोन ओळींची आठवण. त्यानंतरच प्रत्यक्ष जा, आणि जाताना छापील प्रत न्या.

खोलीतले अपघात

किल्ली. दार नुसतं ओढलं गेलं असेल आणि कुलूप फिरवलेलं नसेल तर कारागीर ते न फोडता काही मिनिटांत उघडतो. वसतिगृहात आधी हाउसमाइस्टरचा, म्हणजे इमारतीच्या देखभाल करणाऱ्याचा नंबर. तो भिंतीवरच्या फलकावर असतो, पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये घाला. बाहेरून कुलूपवाला बोलवायची वेळ आली तर फोनवरच येण्याजाण्यासह एकूण रक्कम ठरवून घ्या आणि ती ईमेल किंवा मेसेजवर मागा. रात्री, रविवारी जादा दर. इंटरनेटवर सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातींत लुटारू जास्त असतात. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दुसरी किल्ली त्याच शहरातल्या भरवशाच्या मित्राकडे.

किल्ली हरवली तर मामला मोठा. अनेक इमारतींत सगळ्या दारांची एकत्र कुलूपयोजना असते, एक किल्ली हरवली की सगळी कुलपं बदलण्याचा खर्च माथी येऊ शकतो. यासाठी हाफ्टफ्लिष्ट नावाचा खासगी जबाबदारीचा विमा घ्या, आणि त्यात दुसऱ्याच्या मालकीच्या किल्लीचं हरवणं समाविष्ट आहे का, तेवढी ओळ वाचूनच.

धूर. ठेच्यासाठी मिरच्या परतल्या, खकाणा उठला, अलार्म वाजला. पहिली उर्मी दार उघडण्याची. तेच करू नका. अनेक वसतिगृहांत खोलीतला अलार्म खोलीपुरता असतो, पण पॅसेजमधला थेट अग्निशामक दलाला जोडलेला असतो; दार उघडलं की धूर तिथे पोचतो, गाड्या येतात आणि खर्चाचं बिल येऊ शकतं. खिडकी सताड उघडा, दार बंद ठेवा, भांडं आचेवरून काढा. अलार्मला पिशवी बांधून ठेवणं हा बऱ्याच पोरांचा शोध आहे. तपासणीत सापडला तर खोली जाते. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका, झाकण ठेवा आणि आच बंद करा.

मग भरीत कसं करायचं? कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव ओव्हनला येत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. जाड काळं वांगं घ्या, साधारण ३०० ग्रॅमचं. सुरीने पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेने फुटतं आणि ओव्हन घासत बसावं लागतं. तेलाचा हात लावून २२० अंशांवर चाळीस मिनिटं, मधे एकदा उलटं करा, शेवटची पाच मिनिटं वरची ग्रिल. साल काढून गर चाळणीत दहा मिनिटं निथळा, कारण तिथल्या वांग्याला पाणी फार. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात नेहमीसारखी. धुराचा वास हवा तर स्मोक्ड पॅप्रिका नावाची लाल पूड पाव चमचा. ज्वारीचं पीठ भारतीय किंवा आफ्रिकी दुकानात सोरघम या नावाने मिळतं. जुनं असेल तर भाकरी चिरते, म्हणून अर्धा किलोच आणा.

बुरशी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो आणि वाळवणं अंगणात पडतात. तिथे डिसेंबरात दुपारी चारला अंधार होतो आणि कपडे खोलीत वाळतात. थंडी म्हणून खिडकी बंद, कुकरची वाफ आत, कपड्यांची ओल आत. महिन्याभरात कपाटामागची भिंत काळी पडते आणि डिपॉझिट जातं. उपाय विचित्र वाटेल पण तोच: दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटं हवा खेळवा, तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर तिरकी फटीएवढी उघडी ठेवणं सर्वांत वाईट. भिंत गार पडते आणि ओल तिथेच बसते. हीटरच्या बटणावरचा ३ म्हणजे अंदाजे २० अंश. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड नसेल तर रविवारी स्टेशनवरचं महाग दुकान. रात्री दहानंतर शांतता, मिक्सर आणि वॉशिंग मशीन दोन्ही बंद. कचरा चार प्रकारचा वेगळा. चुकला तर शेजारी चिठ्ठी लावतात, रागवायचं नाही, वाचून सुधारायचं. पेयांच्या बाटल्या आणि डबे (कॅन) फेकू नका: एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीचे आणि डब्याचे दुकानातल्या मशिनमध्ये २५ सेंट परत मिळतात.

ताप आला, काहीतरी हरवलं

थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल खोलीत हवंच. एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, मधे किमान चार तास, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही. सर्दीच्या संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. दवाखाने बंद असताना जर्मनीत ११६११७ वर ड्युटीवरचा डॉक्टर मिळतो. छातीत दुखणं, श्वास अडणं, बेशुद्धी, थांबत नसलेलं रक्त असेल तर थेट ११२. पोलिसांना ११०. इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या सल्ल्यासाठी १११, आणि आणीबाणीला व पोलिसांना ९९९. अमेरिकेत ९११, पण तिथे किरकोळ तापाला इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात गेलात तर बिल पाहून दुसरा ताप येईल. अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, विम्याच्या यादीतला जवळचा आधीच शोधून ठेवा. फ्लॅटमधल्या एकाला सांगा: 'सकाळी दहापर्यंत मी दिसलो नाही तर दार वाजव.' आजारपणात एवढंच स्वावलंबन पुरतं.

बँक कार्ड हरवलं तर ११६११६, चोवीस तास. पासपोर्ट हरवला तर क्रम असा: पोलिसांत नोंद आणि तिची प्रत; मग बर्लिनची वकिलात किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग, म्युनिकच्या वाणिज्य दूतावासांपैकी तुमच्या राज्याचा जो असेल त्याकडे नव्या पासपोर्टचा अर्ज; मग परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल, कारण व्हिसा त्याच पुस्तकात होता. आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं ते फक्त भारतात परतण्यासाठी, एकाच प्रवासाचं. शिक्षण चालू ठेवायचं असेल तर ते मागू नका. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र यांच्या प्रती ईमेलमध्ये आणि घरच्या कपाटात, दोन्हीकडे.

परीक्षा आणि पैसा

आपल्याकडे फॉर्म कॉलेज भरून घेतं, नोटीस लागते, मित्र सांगतात. तिथे प्रत्येक विषयाच्या परीक्षेची नोंदणी तुम्हीच संगणकावर ठरलेल्या मुदतीत करायची. मुदत चुकली तर वर्गात बसलात तरी परीक्षा नाही. नोंदणी करून गेलाच नाहीत तर अनेक ठिकाणी नापास धरतात. बहुतेक विषयांना तीन संधी असतात, आणि तिसऱ्यांदाही गेला तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही बहुधा घेता येत नाही. म्हणून 'जाऊन तर बघू' अशी संधी जाळू नका. परीक्षेच्या दिवशी आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या आणि परीक्षा कार्यालयाला नियमावलीत दिलेल्या दिवसांत पाठवा. पेपर देऊन आल्यावर आजारी होतो म्हणून चालत नाही. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे उत्तीर्ण; घरी सांगताना हे समजावून सांगा, नाहीतर १.३ ऐकून आई काळजीत पडते.

काम वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. २०२६पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. त्याहून कमीत, रोख, बिनकागदी काम कुणी देत असेल, मग तो आपल्याच भागातला का असेना, तर नको म्हणा. अपघात झाला तर विमा नाही, आणि पकडलं तर परवान्यावर येतं.

कर्जाचा किंवा शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला तर भाडं थकण्याची वाट पाहू नका. तारीख उलटण्याआधी मालकाला लेखी कळवा, सोबत बँकेचं पत्र. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आणि श्टुडिएरेंडेनवेर्कचं समुपदेशन दोन्हीकडे अशा वेळच्या छोट्या कर्जांची माहिती असते, पण ती विचारणाऱ्यालाच मिळते. मन फारच खचलं तर त्याच श्टुडिएरेंडेनवेर्कमध्ये मानसिक समुपदेशन मिळतं. रात्री-अपरात्री ०८०० १११०१११ हा फोन मोफत आहे, बोलणं मुख्यतः जर्मनमध्ये.

घरी काय सांगायचं

आठवड्यात दोन ठरलेल्या वेळा ठेवा. रविवारी तिकडची दुपारी दोनची वेळ बरी: इकडे उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा, चहा झालेला असतो. रोज तासभर व्हिडिओ कॉल चालू ठेवून जेवणारी मुलं सहा महिन्यांनीही फ्लॅटमधल्यांची नावं सांगू शकत नाहीत. आजीने 'बठ्ठं बरं शे ना?' विचारलं तर तिला जेवण काय केलं ते सांगा. बाबांना पैशाचा खरा आकडा सांगा, आणि नापास झालात तर तेही. कर्ज त्यांच्या घरावर आहे.

घरी एक कागद देऊन जा, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला. त्यावर खोलीचा पूर्ण पत्ता, फ्लॅटमधल्या एकाचा नंबर, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा नंबर आणि ईमेल, विद्यार्थी क्रमांक, विम्याचा क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, त्या भागातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर. शेवटी एक ओळ: फोन लागला नाही तर चोवीस तास थांबा, मग या क्रमाने फोन करा. पत्ता बदलला की नवा कागद व्हॉट्सॲपवर पाठवा आणि जुना फाडला का, ते विचारा.